टेंभरे सरांचा पिक्चर

टेंभरे सरांचं भलं व्हावं असं मला कधी मनापासून वाटलं नाही. लिहिताना लाज वाटते, पण पन्नाशी उलटल्यावर खोटं लिहून काय करू? आमगावच्या शाळेत आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकाच स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. ते गणिताचे, मी मराठीचा. आता मला सांगा, गणिताचा मास्तर पोरांचा लाडका असतो हे कुठं ऐकलंय का कुणी? कविता मी शिकवायच्या, गोष्टी मी सांगायच्या, आणि मधल्या सुट्टीत पोट्टे धावायचे ते त्या लसावि-मसाविवाल्याकडे. कुणाच्या पोटात दुखणार नाही?

त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मी विसरत आलो होतो. पण परवा पानठेल्यावर एक अनोळखी माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून खो खो हसत होता. मी वाकून पाहिलं, तर निळ्या सायकलींची लांबलचक रांग आणि तिच्यापुढं तोंड वासून उभी असलेली पाच पोरं. टेंभरे सरांचा तोच पिक्चर! ठेलेवाला मला म्हणाला, "रुको ना सर, अभी आपके लड़के का सीन आता है." मी थांबलो नाही. चुना लावलेलं पान तसंच हातात धरून घरी आलो, आणि तेव्हापासून टेंभरे सर डोक्यातून जायला तयार नाहीत. म्हटलं, लिहूनच टाकावं एकदाचं.

माणूस दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, रुंद, मानेवर घामाचा रुमाल. घरी धानाची शेती, त्यामुळं रोवणीच्या दिवसांत पॅंटच्या मोहरीला चिखल लावूनच शाळेत यायचे आणि तो वाळला की वर्गातच झटकायचे. जुनी मोपेड, तिला तिसऱ्या लाथेशिवाय जाग यायची नाही. शर्टाचा वरचा खिसा कायम फुगलेला. एरवी त्यात फुटाणे असायचे आणि दिवाळीच्या पुढं तलावांतले शिंगाडे निघाले की उकडलेले शिंगाडे. ते सोलत बसायचे आणि काळी काळी टरफलं टेबलावर टाकायचे. टेबल एवढं मोठं, पण टरफलं पडायची ती बरोबर माझ्या बाजूला. मी तपासायच्या वह्यांवर त्यांचे डाग पडायचे. मी कधी बोललो नाही. आतल्या आत नुसता धुमसायचो.

घरी ते पोवारी बोलायचे, शाळेत झाडीबोली, आणि साहेब तपासणीला आले की एकदम पुस्तकी. पण एक वाक्य तिन्हीकडं सारखंच. काहीही मोडलं, फाटलं, बंद पडलं की हे टाळी वाजवून म्हणायचे, "बिगडलं का? बरं झालं! आता मजा येईल." तपासणीच्या ऐन दिवशी लाईट गेली, मुख्याध्यापकांच्या कपाळावर घाम, आणि हे म्हणतात, "बरं झालं! अंधारात साहेबाले आपल्या भिंतीचे पोपडे दिसत नाही." साहेबसुद्धा हसले. मी बोललो असतो तर मेमो मिळाला असता.

वर्गातही त्यांची एक युक्ती होती. फळ्यावर गणित सोडवताना मुद्दाम एखादी चूक करायची आणि म्हणायचं, "जो पकडंल त्याले मूठभर फुटाणे." अख्खा वर्ग डोळ्यांत तेल घालून फळ्याकडं बघायचा. ढ पोरंसुद्धा. म्हटलं, यात काय मोठं? आपणही करू. मी नववीच्या वर्गात कवितेखाली मुद्दाम भलत्याच कवीचं नाव लिहिलं आणि वाट बघत उभा राहिलो. खिशात फुटाणे तयार. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांनी निमूटपणे ते नाव वहीत उतरवून घेतलं, आणि घटक चाचणीत यच्चयावत वर्गानं तेच लिहिलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "लांजेवार सर, तब्येत बरी आहे ना?" ते फुटाणे मी घरी जाऊन एकट्यानं खाल्ले.

पण हे सगळं मी सहन केलं असतं. माझा खरा जळफळाट सुरू झाला तो माझा सुयोग त्या शाळेत आल्यावर.

सुयोग माझा एकुलता एक. पाचवी-सहावीपर्यंत माझ्या मांडीवर बसून बडबड करणारा. आठवीत त्याचा आवाज फुटला आणि बोलणं बंद झालं. "जेवला का?" "हं." "पेपर कसा गेला?" "बरा." दिवसाला चार शब्द, तेही ताटाकडं बघून. मोबाईलमुळं असं होतं म्हणून मी त्याचा मोबाईल काढून कपाटात ठेवला. त्यानं चार शब्दांचे दोन झाले. मराठीत त्याला दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या. त्याच्या निबंधांवर मी एवढी लाल शाई सांडली असेल, की तेवढ्यात एखादं घर रंगवून झालं असतं. आणि हाच पोरगा सायकल स्टॅंडजवळ टेंभरे सरांच्या मोपेडला टेकून हातवारे करत तास तास बोलताना मला खिडकीतून दिसायचा. काय बोलायचा? एवढं काय होतं त्याच्याकडं सांगायला? मी गेलो की दोघं गप्प. टेंभरे सर म्हणायचे, "या सर, फुटाणे खा." मला त्या फुटाण्यांची शिसारी आली होती.

आमच्या गॅदरिंगला दरवर्षी माझं नाटक असायचं. मी लिहायचं, मी बसवायचं आणि टेंभरे सरांनी पडदा ओढायचा, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. त्या वर्षी मुख्याध्यापक म्हणाले, काहीतरी नवीन करा. टेंभरे सर शिंगाडा सोलता सोलता म्हणाले, "पिक्चर काढू. मोबाईलवर निंगते आता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, ठीक आहे, गोष्ट तर मलाच लिहावी लागणार. तीन आठवडे खपून मी पन्नास पानांची संहिता लिहिली. नाव 'दिशा'. पाच विद्यार्थी वाईट संगतीला लागतात, अभ्यास सोडतात आणि शेवटी एक मराठीचे शिक्षक त्यांना मार्गावर आणतात. शिक्षकांचं शेवटचं भाषण चार पानांचं होतं. ती भूमिका कोण करणार हे मी लिहिलं नव्हतं, पण न सांगता कळण्यासारखं होतं.

टेंभरे सरांनी दोन दिवसांत वाचून परत आणलं. अगदी मनापासून वाचलं होतं, पानांवर शिंगाड्याचे डाग होते. म्हणाले, "सर, लगित चांगलं लिवलं तुमी. पण याच्यातले पोट्टे बोलत नाही ना. भाषण देऊन राहिले सारे."

"मग कसे बोलतात पोट्टे?"

"मले का मालूम? त्याईलेच इचारू."

आणि त्या माणसानं खरंच पोरांनाच विचारलं. मधल्या सुट्टीत वर्गाचं दार लावून दहा दिवस नुसतं हसणं ऐकू यायचं. जे ठरलं ते लिहायला कागद नव्हते, तर मी दिलेल्या 'दिशा'ची एक झेरॉक्स पालथी करून तिच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं. एकदा चहाच्या वेळी एक पान खाली पडलं. उचललं तर एका बाजूला माझ्या शिक्षकाचं भाषण आणि दुसऱ्या बाजूला टेंभरे सरांच्या अक्षरात 'पाचही जण नालीत पडतात'. मला रडावं की हसावं कळेना.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "आमच्या वेळचे पिक्चर आठवा सर. त्यातले पोट्टे पक्के बावळट राहत. पोरीशी बोलाले जात अन् तिच्या बापाले टाईम इचारून परत येत. पिक्चर सरला तरी बावळटच. आता पाहा, पिक्चरमधले पोट्टे जनमताच हुशार. आपले पोट्टे त्याईले पाहून लाजते, वाटते आपल्यातच काही कमी हाये." म्हणून त्यांचा पिक्चर जुन्या वळणाचा. मोबाईल कुणाकडंच नाही. पाच बावळट पोरं, पाचही एकाच मुलीवर फिदा, आणि प्रेम म्हणजे नेमकं काय करायचं असतं हे पाचांपैकी एकालाही ठाऊक नाही.

मुलगी मिळाली, दोन दिवस शूटिंगही झालं. तिसऱ्या दिवशी तिचे काका फाटकात येऊन उभे. "मास्तर, आमच्या घरच्या पोरी असल्या कामाले नाही भेटत." आणि तिला घेऊन गेले. मी स्टाफरूमच्या खिडकीतून सगळं पाहिलं. देवाशपथ सांगतो, मला गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता आलात ना 'दिशा'वर! टेंभरे सर दोन मिनिटं डोकं खाजवत उभे राहिले. समोर सायकल स्टॅंड. मग त्यांनी टाळी वाजवली आणि मी मनात म्हटलं, आता येणार 'बिगडलं का?' तेच झालं.

आमच्याकडं लांबच्या गावांहून येणाऱ्या मुलींना शाळेकडून सायकली मिळतात. सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या, एका रांगेत. मुली आपापली सायकल मुठीला बांधलेल्या रिबिनीवरून, घंटीला लावलेल्या टिकलीवरून ओळखतात. पोरांना मात्र काही केल्या कळत नाही कोणती कुणाची. टेंभरे सरांनी ठरवलं, मुलगी दाखवायचीच नाही. नुसती तिची सायकल दाखवायची. पाच पोरं सायकलीवर प्रेम करतील. तिची हवा भरतील, सीट पुसतील, पावसात स्वतः भिजून तिच्यावर पोतं टाकतील. आणि शेवटी कळेल की ती सायकल भलत्याच कुणाची आहे.

स्टाफरूममध्ये त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसून लोळले. मीही हसलो, कारण खरंच हसू आलं होतं. घरी येऊन मात्र भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं.

शूटिंग पुढं रविवारीही चालायचं. सुयोग त्या पाचांतला एक होता. आमच्या घरी तोंडातून शब्द न काढणारा पोरगा पिक्चरमध्ये काम करतो, हे मला त्याच्या आईकडून कळलं! एका रविवारी मी बाहेर निघालो तर दारातल्या चपला गायब. गल्लीतल्या कुत्र्याला शिव्या घातल्या, नालीत काठी घालून शोधल्या. शेवटी न्हाणीतल्या निळ्या स्लिपरा घालून निघालो आणि पाय आपोआप शाळेकडं वळले.

शाळेमागं चौकीदाराची खोली आहे, तिच्यापलीकडं धानाच्या बांध्या सुरू होतात. धान कापून झालं होतं, बांधीत पेंढ्यांचं उंच पुंजणं रचलेलं. त्या पुंजण्याआड मी उभा राहिलो. इन्स्पेक्टर असतो तर लपून पाहणं खपलं असतं, पण मी बाप होतो आणि चोरासारखा उभा होतो. टेंभरे सर खोलीच्या दारासमोर पालथे पडून, गाल मातीला लावून, उंबऱ्याजवळचं काहीतरी मोबाईलमध्ये धरत होते. मुंगळा-बिंगळा असेल असं मला वाटलं. सुयोग त्यांच्या शेजारी उकिडवा बसून सांगत होता, "असं नाही सर, थोडं तिरपं. ते नेहमी तिरप्याच काढतात." मग काहीतरी बोलला, आणि सगळी पोरं पोट धरून हसली. टेंभरे सर तर पालथेच हसत होते, त्यांची पाठ गदगदत होती. माझा पोरगा एवढा गमत्या आहे हे मला माहीतच नव्हतं. हे आपल्याला सोडून सगळ्या आमगावाला माहीत आहे, असं वाटून मला इतका राग आला की पुंजण्यातली एक काडी मी दातानं चावून चावून बारीक केली. घरी परत आलो. संध्याकाळी चपला दारात होत्या, जागच्या जागी. बायको म्हणाली, "तुमचं लक्ष कुठं असते आजकाल?"

जानेवारीत गॅदरिंग झालं. शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून पिक्चर लावला. सगळं गाव लोटलं होतं. पहिल्या रांगेत आम्ही शिक्षक, मागं पालक, खाली सतरंजीवर बाया आणि पोरं.

पाचही जण सायकल ढकलता ढकलता नालीत पडले तेव्हा लोक उठून उभे राहून हसले. आणि मग एका घराचं दार आलं. पाच मित्र ओसरीवर बसून जोरजोरात गप्पा मारताहेत, आणि एकदम चूप. कॅमेरा खाली येतो. उंबऱ्याजवळ चपला. नुसत्या चपला, तिरप्या काढलेल्या. म्हणजे बाप घरी आला. मुलगी जशी पिक्चरभर दिसली नाही तसाच बापही दिसला नाही. लोक हसले. मीही हसायला तोंड उघडलं. मग मला डाव्या चपलेच्या अंगठ्यावरची शिवण दिसली. मोच्याकडं काळा दोरा संपला होता म्हणून त्यानं ती लाल दोऱ्यानं घातली होती. मी स्वतः समोर उभं राहून घालून घेतली होती.

माझे पाय त्याच चपलांत होते. मी ते हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

चपला पिक्चरमध्ये तीनदा येतात. तिसऱ्यांदा सुयोग एकटाच घरी येतो. त्यानं मुलीला चिठ्ठी लिहिली आहे, सायकलीच्या टोपलीत टाकली आहे, आणि चिठ्ठी भलत्याच सायकलीत पडल्याचं त्याला कळलं आहे. तो घाबरलेला आहे. बापाला सांगून टाकावं म्हणून धावत येतो. उंबऱ्याशी चपला दिसतात. तो एक पाय आत टाकतो, चपलांकडं बघतो, पाय मागं घेतो आणि निघून जातो. त्यावरही लोक हसले. माझ्या शेजारचे मुख्याध्यापक तर डोळे पुसत होते. 

चिठ्ठी पडलेली असते देवकाबाईंच्या सायकलीत. देवकाबाई म्हणजे आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्यांच्या मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती, मुलगी लग्न होऊन गेली, सायकल आईकडं आली आणि त्याच रांगेत लागायची. पिक्चरमध्ये देवकाबाईंचं काम देवकाबाईंनीच केलं होतं. त्यांना वाचता येत नाही. त्या चिठ्ठी घेऊन कुणाकडं तरी जातात, तो माणूस त्यांच्या कानाशी लागून वाचतो. काय वाचतो ते ऐकू येत नाही, नुसता खिचडी खदखदण्याचा आवाज. आणि पडद्यावर देवकाबाईंचा चेहरा. आधी रागावलेला, मग चक्रावलेला, मग एकदम पदर तोंडाला. हॉलमधलं हसणं बसत बसत थांबलं. कुणीतरी खोकलं तेवढंच.

पिक्चर संपल्यावर देवकाबाई गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आल्या. "सर, तुमच्या पोराची ते चिठ्ठी हाये अजून माह्यापाशी. मिठाच्या डब्यामागं ठेवली."

"कुठली चिठ्ठी? पिक्चरमधली?"

त्यांनी जीभ चावली. "आवं बाप्पा! तुमाले मालूम नाही? मंग मी काही नाही बोलली."

म्हणजे हे खरंच घडलेलं होतं. सहा महिन्यांपूर्वी, माझ्या नाकाखाली. माझ्या पोरानं कुणावर तरी जीव लावला, भलत्याच सायकलीत चिठ्ठी टाकली, भीतीनं दोन दिवस जेवला नाही. ते दोन दिवस मला आठवले. मी त्याला जंताचं औषध दिलं होतं. देवकाबाई ती चिठ्ठी घेऊन टेंभरे सरांकडं गेल्या होत्या, आणि टेंभरे सरांनी सगळं निस्तरलं होतं. मी मोबाईल काढून घेतला नसता तर पोरानं चिठ्ठी लिहिलीच नसती, हाही हिशेब माझ्याच नावावर.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. मी दार लावलं. एकोणीस वर्षांची वाफ होती. म्हटलं, "न विचारता माझ्या चपला घेतल्या तुम्ही! माझी गावभर शोभा केली!"

त्यांनी हातातला शिंगाडा खाली ठेवला. "मी नाही घेतल्या सर. मी पोट्ट्याईले म्हटलं, बापाचं काम कोन करंल? सुयोग म्हणे, सर, बाप कायले पाह्यजे? चपला पुरतात."

मी खाली बसलो.  मग विचारलं, "माझ्याबद्दल काय काय सांगतो तो तुम्हाला?"

"वाईट नाही सांगत जी. भेते तुमाले. अन् ते चिठ्ठी लिवताना त्यानं सहा कागद फाडले. म्हणे, बाबांनी वाचली तर लाल करतील." त्यांनी शिंगाडा पुन्हा उचलला. "माहा पोट्टा पुण्याले हाये ना. मी फोन केला का 'हां बाबा, ठीक बाबा' म्हणते अन् ठेवून देते. पण सासऱ्यासंगं तास तास बोलते. गाडी कोन्ती घेऊ, ते बी सासऱ्यालेच इचारलन. जळतो ना मी त्या मानसावर! लगनात त्यानं मले शेला देल्ला, त्याची घडी नाही मोडली मी अजून."

"तुम्ही? तुम्ही जळता?"

"मंग? जळाचा ठेका का तुमीच घेतला?"

 म्हणजे या माणसाला माहीत होतं! मी म्हटलं, "तुम्हाला कधीपासून..."

"एकोणीस वर्सं समोर बसलो सर. टरफलं मी मुद्दामच तुमच्या बाजूले टाकत होतो. म्हटलं, एखाद्या दिवशी तरी हा मानूस भांडंल."

त्यानंतर मी त्यांच्यावर जळायचं थांबवलं असं कुणाला वाटेल. छे! उलट वाढलं. पूर्वी निदान त्यांना ठाऊक नाही असं वाटायचं.

एकदा मी देवकाबाईंकडं गेलो. खिचडीघरात कुणी नव्हतं. म्हटलं, "बाई, ती चिठ्ठी मला एकदा वाचायला द्या. लगेच परत देतो."

त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही देत सर. माह्या सायकलीत भेटली, म्हून माही. सारी जिंदगी मले कोनी असं लिवलं नाही. अन् तुमी लाल पेन घेऊन बसाल." मी म्हटलं, नाही काढत चुका. त्या हसल्या. "तुमाच्यानं राहवणार नाही." खरं होतं. माझ्या खिशाला तेव्हाही लाल पेन लावलेलं होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबर अखेरीला टेंभरे सर निवृत्त झाले. शाल, नारळ, हार. निरोपाचं भाषण माझ्याकडं होतं, मी दोन रात्री जागून लिहिलं होतं आणि ते चांगलंही झालं. टाळ्या पडल्या. मग टेंभरे सर उठले, म्हणाले, "मले बोलता येत नाही. तुमी सारे बावळट होते म्हून माहे दिवस चांगले गेले." आणि बसले. पोट्टे धाय मोकलून रडायला लागले. मुलीसुद्धा. माझं चार पानी भाषण कुणाच्या ध्यानात राहिलं असेल तर शपथ.

चारच्या सुमारास शाळा रिकामी झाली. मी त्यांना शोधत मागच्या बाजूला गेलो. एकोणीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते दोन वाक्यांत बोलून टाकायचं ठरवलं होतं, मनात घोकलंही होतं. भिंतीच्या कोपऱ्याशी आलो आणि सुयोगचा आवाज आला. दोघं चौकीदाराच्या खोलीच्या पायरीवर बसले होते, मध्ये कागदावर शिंगाडे. सुयोग कुठल्याशा मित्राची गोष्ट सांगत होता, रंगात आला होता, नकला करत होता. टेंभरे सर गुडघ्यावर थापा मारत होते.

मी पुढं एक पाऊल टाकलं आणि थांबलो. माझ्या चपला वाजतात. मला ते आजवर कधी ऐकू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं. आणखी चार पावलं, की गोष्ट बंद पडणार होती.

मी चपला काढल्या, भिंतीशी ठेवल्या आणि तसाच निघालो. खडे टोचत होते. एके ठिकाणी काटा मोडला, पण मी दातावर दात दाबले. अगदी जवळ गेलो तेव्हा सुयोगनं मान वर केली. त्याचं तोंड मिटायला लागलं. मग त्याची नजर खाली माझ्या पायांवर गेली. टेंभरे सरांचीही गेली. ते थोडे सरकले आणि शिंगाड्यांचा कागद माझ्या बाजूला ढकलला. मी बसलो, एक शिंगाडा उचलला, टरफल सोलून त्यांच्या बाजूला टाकलं.

"बाबा," सुयोग म्हणाला, "चपला कुठी गेल्या तुमच्या?"

"हरवल्या."

"हरवल्या का?" टेंभरे सर भरल्या तोंडानं म्हणाले. "बरं झालं!"

सुयोग खळखळून हसला. माझ्या समोर, माझ्याकडं बघून. आणि निरोपाच्या दिवशीसुद्धा वाक्य त्या माणसाचंच! मी घोकून आणलेली दोन वाक्यं तशीच पोटात राहिली.

मग ते उठले. नारळ शालीत गुंडाळून मोपेडच्या मागं बांधला, खिसा चाचपून पाहिला, तिसऱ्या लाथेला गाडी सुरू झाली. बांधाच्या वळणावर त्यांनी मागं न बघताच एक हात वर केला. तो आम्हा दोघांपैकी कुणासाठी होता ते कळलं नाही.

पायरीवर आम्ही बापलेक उरलो.  मग सुयोगनं एक शिंगाडा सोलला आणि खाली बघत विचारलं, "पुढं सांगू का?"

"सांग."

त्यानं उरलेली गोष्ट सांगितली, नकलांसकट. मी पोट दुखेपर्यंत हसलो. सुरुवात काय होती ते मी त्याला विचारलं नाही. तो पहिला अर्धा भाग टेंभरे सर शाल-नारळाबरोबर घरी घेऊन गेले. मला तो अजून माहीत नाही.